पाणी दिले, मग तोडले: वॅलेच्या कोरड्या पाइनवनाचे प्रकरण

स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्येला वॅले नावाचा प्रांत आहे. ऱ्होन नदीची लांब, अरुंद दरी आणि दोन्ही अंगांना चार हजार मीटरच्याही वर चढत गेलेले आल्प्स. ढग कुठल्याही बाजूने आले तरी डोंगरांवरच रिते होतात आणि दरीच्या तळाशी वर्षाकाठी जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस उरतो. माण-खटावच्या माणसाला पर्जन्यछाया म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वॅलेचा तळ तसाच आहे. फरक एवढाच की आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, तिथला वर्षभर थोडा थोडा पडतो. उन्हाळ्यात मात्र ऊन कडक आणि वारा कोरडा. म्हणूनच या दरीतल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हिमनद्यांचे पाणी डोंगरकड्यांवरून पाट काढून शेतात आणले. त्यातले कित्येक पाट आजही वाहते आहेत.

या दरीत लॉइक आणि सिएर या गावांच्या मध्ये प्फीनवाल्ड हे जंगल आहे. मुख्य झाड स्कॉट्स पाइन. उत्तराखंडात आपण पाहतो तो चीड तीन-तीन सुयांच्या जुडग्यांचा. स्कॉट्स पाइनच्या सुया दोन-दोनच्या जोडीने येतात, आखूड आणि निळसर हिरव्या असतात, आणि खोडाचा वरचा भाग नारिंगी दिसतो. स्कॉटलंडपासून थेट पूर्व सायबेरियापर्यंत आणि उत्तरेला लॅपलँडपर्यंत हे झाड आढळते. जगातल्या कुठल्याही पाइनचा पसारा एवढा मोठा नाही. कडाका, नापीक वाळू, उथळ माती, सगळे हे झाड सोसते. असे काटक झाड वॅलेत मरायला लागले, म्हणून हे प्रकरण महत्त्वाचे.

जमीन आणि उभे वन

जंगलाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६१५ मीटर, सरासरी वार्षिक तापमान १० अंशांच्या आसपास. जमीन कोसळलेल्या डोंगराच्या आणि इलग्राबेन या ओढ्याने वाहून आणलेल्या दगडगोट्यांची. वर चुनखडीयुक्त, उथळ, मुरमाड माती. पाऊस पडला की झिरपून खाली जातो. मुळांच्या थरात धरून ठेवायला मातीच नाही. भूजल मुळांच्या आवाक्याबाहेर. म्हणजे ६०० मिलिमीटर हा कागदावरचा आकडा. झाडाच्या वाट्याला येणारे पाणी त्याहून बरेच कमी.

प्रयोगाच्या जागेवरचे पाइन शंभर वर्षांच्या आसपासचे, तरी सरासरी उंची अवघी ११ मीटर. चांगल्या जमिनीवर याच वयाचा पाइन सहज दुपटीने उंच असतो. हेक्टरी सुमारे ७३० खोडे. छातीच्या उंचीवर सगळ्या खोडांचा काटछेद धरून बेरीज केली तर हेक्टरी सुमारे २७ चौरस मीटर. या दोन आकड्यांवरून सरासरी व्यास निघतो: २७ भागिले ७३० म्हणजे दर झाडामागे ०.०३७ चौरस मीटर, अर्थात साधारण २२ सेंटिमीटर जाडी. शंभर वर्षांत २२ सेंटिमीटर. जमीन किती कोरडी आहे हे कळायला दुसरे मोजमाप नको.

आधी चुकीचे कारण वगळावे लागले

वॅलेतले पाइन सुकणे नवीन नव्हते. सिएरला लागून असलेल्या शिपी इथे १९०८ पासून ॲल्युमिनियमचा कारखाना होता. ॲल्युमिनियम गाळताना बाहेर पडणाऱ्या फ्लोरिनच्या वायूंनी दरीतली पाइनवने आणि जर्दाळूच्या बागा पोळल्या, त्यावर शेतकरी आणि कारखानदार यांच्यात वर्षानुवर्षे भांडणे झाली. गाळण यंत्रणा बसल्यावर हा त्रास ओसरला. फ्लोरिनची खूण वेगळी असते: सुईचे टोक तांबूस होते, जळलेल्या आणि हिरव्या भागात स्पष्ट रेघ दिसते, आणि नुकसान वाऱ्याच्या दिशेने कारखान्यापासून लांब जाताना कमी होत जाते.

१९९०च्या दशकात झाडे पुन्हा मरू लागली तेव्हा ही खूण नव्हती. मरतुक कारखान्यापासूनच्या अंतराप्रमाणे बदलत नव्हती. दरीचा तळ आणि खालचे उतार, म्हणजे जिथे उष्णता जास्त तिथे ती अधिक होती. शिवाय ती लाटांनी येत होती. १९९६, १९९८, २००३ अशी कोरडी वर्षे, आणि प्रत्येकानंतर एक-दोन वर्षांनी वाळलेल्या झाडांचा घोळका. दरीत थोडे वर फिस्पजवळच्या कायमच्या निरीक्षण क्षेत्रात १९९६ नंतरच्या काही वर्षांतच निम्म्याच्या आसपास पाइन गेले. शेजारचे लवदार पानांचे ओक मात्र बहुतेक टिकले.

खोडाची साल सोलली की बहुतेक वेळा आत कीड सापडे. कोवळे शेंडे पोखरणारे आणि सालीखाली बोगदे करणारे भुंगेरे, पाइनच्या सालीखाली वाढणारा निळसर चमकदार भुंगा, त्यांच्यासोबत आलेली लाकूड निळे करणारी बुरशी. पाहणाऱ्याला वाटते, किडीने झाड मारले. इथेच निदान फसते. भरपूर पाणी मिळालेला पाइन भोक पडताच तिथे राळ ओततो आणि भुंगा त्यात बुडून मरतो. पाण्यावाचून राळेचा दाब पडतो, भोक कोरडे राहते आणि भुंगा आत शिरतो. म्हणजे कीड शेवटचा घाव घालते. झाड त्याआधीच निःशस्त्र झालेले असते. पण हे पटवून द्यायचे तर एकच खात्रीचा मार्ग: बाकी काही न बदलता फक्त पाणी बदलायचे आणि काय होते ते पाहायचे.

प्रयोगाची मांडणी

स्वित्झर्लंडच्या वन, हिम आणि भूदृश्य संशोधन संस्थेने, म्हणजे बिर्मेन्सडॉर्फच्या डब्ल्यूएसएलने, २००३ मध्ये हे केले. जंगलाचा १.२ हेक्टरचा तुकडा घेऊन त्यात आठ वाफे आखले, प्रत्येकी २५ बाय ४० मीटर. दोन वाफ्यांच्या मध्ये मोकळा पट्टा, कारण पाइनची आडवी मुळे लांबवर जातात आणि शेजारच्या वाफ्याचे पाणी चोरतात. चार वाफ्यांना पाणी, चार तुलनेसाठी कोरडे. एकूण पावणेनऊशेच्या आसपास झाडे, प्रत्येकावर क्रमांक.

पाणी जवळून जाणाऱ्या ऱ्होनच्या पाटातले. ते तुषार सिंचनाने, जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीवरून, एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आणि रात्री. रात्र निवडण्याची कारणे दोन: बाष्पीभवन कमी, आणि दिवसा हवेतला ओलावा कृत्रिमरीत्या वाढून पानांच्या वर्तनात घोटाळा होत नाही. तुषार खाली ठेवल्याने छत्रे, म्हणजे झाडांचा वरचा फांद्या-सुयांचा पसारा, भिजत नाहीत. भिजली तर सुयांवरच्या बुरशीचा वेगळाच प्रश्न उभा राहिला असता. पाण्यातून खते आपोआप मिळत आहेत का, हेही तपासले गेले. ही पायरी सोडली तर नंतर कुणीही विचारू शकतो की वाढ पाण्याने झाली की पाण्यातल्या नत्राने.

वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे पावसाइतकेच आणखी. हजार चौरस मीटरच्या एका वाफ्याला हे सहा लाख लिटर होतात, चार वाफ्यांना चोवीस लाख. सात महिन्यांवर वाटले तर रात्रीला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला थोडे वाटते, पण सतत मिळणारे थोडे पाणी उथळ मुरमाड जमिनीत एकदम दिलेल्या मोठ्या पाण्यापेक्षा उपयोगी पडते. मोठे पाणी मुळांखालून निघून जाते.

छत्र कसे वाचायचे

पाइनची तब्येत मोजायचे मुख्य साधन म्हणजे छत्राची विरळता: पूर्ण बहरलेल्या झाडाच्या तुलनेत किती पानोरा कमी आहे, ते ० ते १०० टक्क्यांत, पाच-पाचच्या टप्प्यांनी. हे डोळ्यांनीच ठरवतात, म्हणून शिस्त लागते. दुर्बीण, संदर्भासाठी त्याच जातीच्या झाडांची टक्केवारी लिहिलेली छायाचित्रे, आणि शक्यतो दोन निरीक्षक. दोघांनी आपापला आकडा आधी लिहायचा, मग बोलायचे. झाडापासून किमान एका झाडाच्या उंचीइतके लांब उभे राहून दोन बाजूंनी पाहायचे. सूर्य समोर असेल तर छत्र आहे त्याहून विरळ भासते. काळ मध्य-उन्हाळ्याचा, नव्या सुया पूर्ण लांबल्यावर आणि जुन्या गळायच्या आधी. सप्टेंबरात पाइनच्या सर्वांत जुन्या सुया एकत्र पिवळ्या पडून गळतात. ते स्वाभाविक असते, पण नवखा माणूस घाबरून त्याला रोग समजतो.

सोबत फांदीवर किती वर्षांच्या सुया टिकून आहेत ते मोजायचे. दर वर्षी फांदीवर एक चक्र वाढते, त्यामुळे शेंड्याकडून मागे मोजत गेले की वर्षे मिळतात. नव्या सुयांची लांबी आणि शेंड्याची वाढ यांनाही पट्टी लावायची. शास्त्रज्ञ खोडावर सूक्ष्ममापक बसवतात. दिवसा पाणी ओढल्याने खोड केसाहून कमी आकसते, रात्री फुगते, आणि ज्या रात्री ते फुगून पूर्वपदावर येत नाही ती तहानेची रात्र. वनरक्षकाला हे यंत्र लागत नाही. पट्टी, दुर्बीण आणि क्रमांकांची वही एवढ्यावर बरेच कळते, अट एकच: झाड दर वर्षी तेच आणि महिना तोच.

पाणी मिळाल्यावर

२००४ आणि २००५ ही दोन्ही वर्षे सरासरीपेक्षा कमी पावसाची होती, म्हणजे परीक्षा चांगली झाली. २००६ मध्ये पाणी दिलेली सात आणि कोरडी सहा झाडे पाडून बारीक मोजणी झाली. पाण्याच्या झाडांत सुयांची लांबी ७० टक्क्यांनी जास्त, शेंड्यांची लांबी दुप्पट, खोडातल्या वलयांची रुंदी १२० टक्क्यांनी जास्त. पानोरा वाढल्याने कोरड्या वाफ्यांच्या तुलनेत छत्राची विरळता १४ टक्क्यांनी घटली आणि पानांचे एकूण क्षेत्र २० टक्क्यांनी वाढले.

या आकड्यांइतकाच क्रमही बोलका आहे. सुया आणि खोड त्याच वर्षी वाढले. शेंडे मात्र एक वर्ष उशिराने. कारण स्कॉट्स पाइनच्या शेंड्याची लांबी आदल्या वर्षी कळी बांधली जाताना ठरते. कळीत जेवढे खंड तयार झाले तेवढेच पुढच्या वसंतात लांबतात. यंदाच्या पावसाने यंदाची सुई लांब होते, पण शेंडा लांब होतो पुढच्या वर्षी. कोरड्या वर्षाचा फटकाही असाच दोन हप्त्यांत बसतो. एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षी पाइनचा शेंडा आखूड दिसला तर यंदाचे काही बिघडले असे समजू नये. ती गेल्या वर्षीची खूण आहे.

वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निष्कर्ष वेगळाच होता. ज्यांची छत्रे आधीच विरळ झाली होती, म्हणजे जी झाडे कुणीही तोडणीच्या यादीत घातली असती, त्यांनी पाण्याला दाट छत्राच्या झाडांइतकाच प्रतिसाद दिला. कमकुवत दिसणारे झाड मेलेले नसते. विरळ छत्र ही त्याची उपासमारीशी केलेली तडजोड असते: पाने कमी, तर तहानही कमी. यामुळे एका पाहणीत विरळ दिसले म्हणून कुऱ्हाडीची खूण करणे चूक ठरते. तीन वर्षे सलग नोंद ठेवा. विरळता वाढतच असेल, नव्या सुया दरवर्षी आखडत असतील आणि सालीवर भुंग्याच्या भुश्याचे ठिपके दिसत असतील तर ते झाड गेले समजा. नुसते विरळ पण स्थिर असेल तर राहू द्या.

जमिनीतही बदल झाले. ओल मिळाल्यावर पाचोळ्याचा थर लवकर कुजला, त्यातला कार्बन खालच्या मातीत मिसळला, बारीक मुळे वाढली. आणि ज्याचा विचार आधी कुणी फारसा केला नव्हता ते झाले: खालचा झुडोरा आणि ओकची रोपे जोमाने वाढली. पाणी पाइनसाठी दिले, पण ते ज्याच्या मुळाला आधी लागले त्याने घेतले. शेताच्या बांधावरचे झाड पिकाचे पाणी ओढते हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे नवल वाटायचे नाही.

पाणी तोडल्यावर

अकरा हंगाम पाणी दिल्यावर २०१३ च्या अखेरीस पाणी दिलेल्या वाफ्यांचा एक-तृतीयांश भाग बंद करण्यात आला. उरलेल्या भागाला पाणी चालूच. हा भाग मला सगळ्या प्रयोगात जास्त शिकवणारा वाटतो, कारण निसर्गात हेच घडते: दहा बरी वर्षे, मग कोरडी.

खोडातून पाणी ओढण्याचा वेग काही दिवसांतच कोरड्या झाडांइतका उतरला. पर्णरंध्रे, म्हणजे पाण्याची वाफ सोडणारी पानांवरची बारीक छिद्रे, मिटायला वेळ लागत नाही. पण सुयांची लांबी, शेंडे, छत्राची विरळता आणि खोडाची वाढ कोरड्या झाडांच्या पातळीवर यायला चार वर्षांपर्यंत काळ लागला. या चार वर्षांत झाडाजवळ होता पावसाळी वर्षांत बांधलेला मोठा पानोरा आणि मिळत होते दुष्काळी पाणी. एवढ्या पानांना पाणी पोचवायचे तर खोडात त्या प्रमाणात रसवाहक लाकूडही राखावे लागते, म्हणून पाणी नसतानाही खोड काही काळ वाढतच राहिले. जुन्या सुया गळून छत्र लहान झाल्यावर मगच खोडाची वाढ खाली आली. हिशेब मांडायचा तर, झाड नव्या परिस्थितीशी किती लवकर जुळवून घेते हे त्याच्या सुया किती वर्षांनी बदलतात यावर अवलंबून असते.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. पहिली: एका वर्षाच्या दुष्काळाचे परिणाम मोजायला त्याच वर्षी गेलात तर अर्धेच दिसतील, चार वर्षांनंतरची वलये पाहा. दुसरी: मरणाऱ्या वनाला थोडे दिवस पाणी देऊन सोडून देणे हे वाचवणे नव्हे. त्याने झाडाचे छत्र वाढते आणि पाणी बंद झाल्यावर तेच छत्र झाडाला जड होते. कायम पाणी द्यायचे तर दर हेक्टरी वर्षाला साठ लाख लिटर, म्हणजे फक्त एका चौरस किलोमीटरला साठ कोटी. पाट, पंप आणि नळ्यांचा खर्च बाजूला ठेवला तरी एवढे पाणी डोंगरउतारावरच्या जंगलाला कुणी देणार नाही, आणि देऊही नये. प्रयोगातले पाणी हे निदानाचे औषध होते, उपचाराचे नव्हे.

बांडगूळ: तहानलेल्या झाडावर न थांबणारी तोटी

कोरड्या पाइनवर भुंग्याआधी बांडगूळ बसते. पाइनवरची ही वेगळी उपजात आहे. ती सफरचंदावरून किंवा पॉप्लरवरून येत नाही. पक्षी चिकट बी फांदीवर टाकतात, ते रुजून सालीतून थेट रसवाहक लाकडात घुसते. तहान लागली की पाइन आपली पर्णरंध्रे दुपारआधीच मिटतो आणि पाणी वाचवतो. बांडगूळ मिटत नाही. ते बाष्प सोडत राहते आणि ते पाणी जाते झाडाच्या खोडातून. फिस्पच्या नोंदींत मध्यम किंवा जास्त बांडगूळ असलेल्या पाइनची मरण्याची शक्यता बांडगूळ नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. वॅलेत बांडगुळाची वरची सीमा १९१० च्या नोंदीच्या तुलनेत सुमारे दोनशे मीटर वर सरकली आहे, कारण हिवाळे सौम्य झाले.

बांडगुळाचे वय फांद्यांच्या फाट्यांवरून कळते. ते दर वर्षी एकदा दुभंगते. सात फाटे म्हणजे सात वर्षांच्या आसपास. फळ धरायला काही वर्षे लागतात, म्हणून कोवळ्या गोळ्याने अजून बी पसरवलेले नसते. फांदीवरचे काढायचे तर नुसता झुबका ओरबाडून उपयोग नाही, लाकडातल्या मुळीतून ते पुन्हा फुटते. फांदी चिकटलेल्या जागेच्या बरेच मागून कापावी लागते. खोडावरच बसलेले काढता येत नाही. त्यामुळे मोठ्या जंगलात बांडगूळ छाटणे परवडत नाही. विरळणीच्या वेळी, म्हणजे दाटी कमी करायला काही झाडे तोडताना, जास्त बांडगूळ असलेली आधी काढायची, एवढाच शहाणपणा.

मग करायचे काय

पाणी वाढवता येत नसेल तर पिणारी तोंडे कमी करायची. वर दिलेल्या आकड्यांवरून हिशेब सोपा आहे. हेक्टरी ७३० झाडे म्हणजे झाडामागे १३.७ चौरस मीटर जागा, ६०० मिलिमीटर पावसात वर्षाला सुमारे ८,२०० लिटर. झाडे ४४० वर आणली तर झाडामागे २२.७ चौरस मीटर आणि सुमारे १३,६०० लिटर. प्रयोगातल्या दुप्पट पाण्याचा वाटा १६,४०० लिटर होता. म्हणजे दहातली चार झाडे काढली की नळीशिवाय बऱ्यापैकी तीच परिस्थिती येते. हा ढोबळ हिशेब आहे. छत्रावर अडून उडून जाणारे, मातीतून वाफ होणारे आणि दगडांतून खाली जाणारे पाणी यात धरलेले नाही. पण दिशा बरोबर आहे. वॅलेतच एका कोरड्या जागी १९६५ पासून चाललेल्या विरळणीच्या प्रयोगात जोरकस विरळणी केलेल्या भागातले पाइन दुष्काळी वर्षांत जास्त वाढले आणि कमी मेले.

ही विरळणी करताना काय चुकते ते सांगणे जास्त गरजेचे. पहिली चूक, एकाच वेळी फार मोकळे करणे. चाळीस टक्के एका हिवाळ्यात काढले तर उंच-बारीक झाडे वाऱ्याने आणि ओल्या बर्फाने वाकतात. दोन टप्प्यांत, मध्ये सात-आठ वर्षे ठेवून करावे. दुसरी, फक्त वाईट झाडे काढणे. मरणारे झाड तसेही फारसे पाणी पीत नव्हते. ते काढून शेजाऱ्याला काही मिळत नाही. ज्या झाडाचे छत्र भविष्यात टिकेल असे वाटते ते निवडायचे आणि त्याला खेटून असलेले जोरकस प्रतिस्पर्धी काढायचे. तिसरी, तोडलेली खोडे आणि जाड फांद्या वसंतात जंगलात पडू देणे. दुपारचे तापमान १२ अंशांच्या आसपास गेले की पाइनचे मोठे शेंडा-भुंगेरे उडतात, कधी फेब्रुवारीअखेरीसच, आणि ताज्या पडलेल्या पाइनमध्ये अंडी घालतात. नवी पिढी उन्हाळ्यात उभ्या झाडांच्या शेंड्यांत शिरते. शरदात जमिनीवर पोकळ, भोक पडलेले हिरवे शेंडे पडलेले दिसले तर हेच झाले समजा. म्हणून तोड पानगळीनंतर सुरू करून हिवाळा संपायच्या आत माल बाहेर काढावा, किंवा तिथेच साल सोलावी.

चौथी चूक सर्वांत सहज होते: वर मोकळे केले की खाली उजेड पडतो आणि झुडोरा वाढतो. वॅलेतल्याच दुसऱ्या प्रयोगात खालचा झुडोरा काढल्यावर वरच्या पाइनला मिळणारे पाणी वाढले. त्यामुळे विरळणीचा खर्च मांडताना पुढच्या पाच-दहा वर्षांतली झुडुपकटाईही त्यात धरली पाहिजे. नाहीतर विरळणीने मोकळे झालेले पाणी झुडपांच्या पोटात जाते.

उतारांवर आणखी एक बंधन येते. वॅलेतली बरीच वने दरडी आणि हिमस्खलन अडवणारी आहेत. खाली रस्ता, रेल्वे, गाव. तिथे वाळलेले झाड काढणे हीच चूक ठरू शकते, कारण मेलेले खोडही काही वर्षे दगड अडवते. काढायचेच असेल तर बुंधा मीटरभर उंच ठेवून तोडतात आणि खोड उताराला आडवे, थोडे तिरपे टाकतात. भुंग्याची भीती असेल तर त्याची साल सोलतात.

पुढची पिढी

मोठे पाइन वाचवले तरी पुढचे पाइन येतील का, हा वेगळा प्रश्न. जुन्या काळी वॅलेतले गरीब शेतकरी पाइनखालच्या सुया झाडून गोठ्यात अंथरायचे आणि शेळ्या जंगलात सोडायचे. हे बंद झाले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. तोपर्यंत जमीन उघडी राहत होती आणि ओकची रोपे शेळ्या खाऊन टाकायच्या. पाइनचे बारीक, पंखवाले बी उघड्या मातीवर आणि भर उजेडात रुजते. जाड पाचोळ्यावर पडले तर मूळ मातीपर्यंत पोचण्याआधीच सुकते. म्हणजे आजची पाइनवने काही अंशी त्या झाडलोटीची आणि चराईची देणगी आहेत. शेळ्या गेल्यावर ओकला वाट मिळाली. दुष्काळाने ती रुंद केली.

१३ ऑगस्ट २००३ ला लॉइकच्या वरच्या उतारावर लागलेल्या आगीने सुमारे तीनशे हेक्टर जंगल जाळले, साधारण ८०० मीटरपासून २,१०० मीटरपर्यंत. स्कॉट्स पाइनच्या शंकूत आगीनंतर उघडणारे साठवलेले बी नसते, ते जळाले की संपले. तिथल्या खालच्या भागात पाइन जवळच्या जिवंत झाडांच्या बियांपुरतेच परतले. ओक मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटला.

म्हणून पाइन हवेतच अशा जागी नवी लागवड करण्याऐवजी बीज-पट्टे तयार करतात: तीन-चार चांगली, बांडगूळ नसलेली बीजझाडे राखून त्यांच्या भोवती पाचोळा खरडून माती उघडी करणे, हे काम भरघोस शंकू आलेल्या वर्षाच्या हिवाळ्यात. रोप तगेल की नाही हे एप्रिल ते जूनच्या पावसावर ठरते; कोरड्या वसंतात एकही न उगवणे शक्य आहे, त्यामुळे एकाच वर्षाच्या अपयशाने पट्टा सोडू नये. खरडलेली माती दोन-तीन हंगामांत पुन्हा गवताखाली जाते, मग पुन्हा खरडावी लागते. ज्या खालच्या, उष्ण उतारांवर ओक आपसूक आला आहे, तिथे त्याला उपटून पाइन लावण्यात पैसे घालू नयेत. १,००० ते १,२०० मीटरच्या वर पाइनला अजून बरे दिवस आहेत. मनुष्यबळ तिथे वापरावे.

प्फीनवाल्डमध्ये काम थांबलेले नाही. गेल्या काही वर्षांत तिथे छत्रांच्या उंचीवर बारीक धुके फवारून हवेचा कोरडेपणा कमी केला जातो आणि जमिनीवर पन्हाळी छपरे घालून पावसाचा काही भाग अडवला जातो. कोरडी माती झाडाला मारते की कोरडी हवा, हे वेगळे करून पाहणे हा उद्देश. पर्णरंध्रे दोन्हींना उत्तर देतात आणि आजवर दोन्ही एकत्रच येत होते. विरळणीने मातीतले पाणी वाढते, पण वारा आणि ऊन आत शिरल्याने छत्राभोवतीची हवा मात्र आणखी कोरडी होते. त्यामुळे हेक्टरी ४४० झाडे ठेवायची की ५५०, याचा आकडा त्या धुक्याच्या वाफ्यांतल्या सुयांच्या लांबीवरून ठरेल.